दहापैकी दहा

रशियात डॉक्टरकी शिकायला गेलेल्या दर्पणला तिथली भाषा शिकायला कॉलेजने पुस्तक दिलं, अ‍ॅप दिलं, वर एक कडक बाईही दिल्या. पण वॉर्डातला पेशंट पुस्तकासारखा बोलत नाही, शिकायचं तर पेशंटशी बोलूनच, हा माझ्या या भावाचा हट्ट. आता एवढ्या लांबून रोज पेशंट व्हायला कोण रिकामं? एडवणची आमची नलूआजी.

रोज संध्याकाळी सहाला व्हिडिओ कॉल. दर्पण आधी आजार आणि रशियन उत्तरं कळवायचा, मी ती आजीकडून घोकून घ्यायचे. तारापूरच्या एका औषध कंपनीत मी नोंदी लिहिते, म्हणून वहीही माझ्याच गळ्यात: तारीख, आजार, आजीच्या अभिनयाला गुण. कॉल चालू असताना मराठी बोलली तर शून्य.

पोटदुखी, चार. मध्येच हसली. ताप, तीन. तापातही बोंबील निवडत होती.

"आजी, पेशंट हसत नाय," दर्पण वैतागायचा.

"मंग त्याला नातू नसंल," असं ती कॉल संपल्यावर म्हणायची. नियम पाळण्यात पक्की.

त्या गुरुवारी गुडघेदुखी होती. कुठे दुखतं विचारल्यावर आजीने छातीवर हात ठेवला. "बलीत," म्हणाली. म्हणजे दुखतं. पुन्हा, "बलीत."

"आज गुडघा हाय, आजी!"

"सोमवारचा छातीदुखीचा धडा गिरवतेय ती," मी म्हटलं.

दर्पणला उलट हुरूप आला. कधीपासून, हातात कळ जाते का, सगळं न अडखळता विचारलं. आजी डावा हात चोळत मान हलवत राहिली. कपाळावर घाम. एकदाही हसली नाही.

"ताई, लिही. दहापैकी दहा!"

मी लिहिलं. फोन बंद झाला.

"आता मराठीत बोलू?" आजीने विचारलं. "छातीत लय दुखतं हाय गं."

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगत व्हते ना."

रिक्षातून पालघरच्या हॉस्पिटलात निघालो. आजी केळव्यापर्यंतच होती.

महिन्याने दर्पणचा फोन आला. तोंडी परीक्षेत छातीदुखीचा खरा पेशंट मिळाला, पास झाला.

"किती गुण?" मी सवयीने विचारून गेले.

गुण न सांगता तो म्हणाला, "ताई, ते दहा खोड."

आमच्या कंपनीत खोडायची एक रीत आहे. एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही, तारीख आणि कारण.

रेघ मारली. सही केली, तारीख घातली. कारण कोणी लिहायचं, ते ठरलं नाही; ती जागा अजून कोरी आहे.