मागे राहिलेली पिशवी

पोती वाहून वाहून आमच्या यांचा खुबा पार झिजला होता. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात सगळे त्यांना बाबासो म्हणत. ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "तुमचंच रक्त आधी काढून ठेवू. लागलं तर तेच चढवू." त्या वर्षांत एड्सची धास्ती घराघरांत होती. परक्याचं रक्त म्हटलं की माणसं दचकायची.

बेलापूरच्या रक्तपेढीत हात पुढे करून हे हसले. "आपलाच माल, आपल्याच गोदामात. हमाली तेवढी डॉक्टरची!"

घरी मी त्यांना बीट, कलेजी, गूळ-शेंगदाणे खाऊ घालायचे. पण ऑपरेशनच्या आधीच एका सकाळी चहा गार झाला तरी हे उठले नाहीत. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

अस्थी माहुलीच्या संगमावर न्यायच्या होत्या. त्यासाठी धाकटे दीर दिनानाथ साताऱ्याहून आले होते. मी म्हटलं, "भाऊजी, यांचं रक्त बेलापूरला राहिलंय. तेही संगमात सोडू. माणूस थोडा इथं ठेवून कसं जायचं?"

त्यांनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाले, "चला वयनी, इचारून तर बघू."

रक्तपेढीत क्रांती नावाची मुलगी होती. यांचं रक्त तिनंच काढलं होतं. काका गेले हे ऐकून ती खुर्चीवरून उठली.

"काकू, असं घरी नाही देता येत."

"मग दुसऱ्या कुणाला तरी चढवा. वाया नको जायला."

"स्वतःसाठी ठेवलेलं दुसऱ्याला नाही देत आम्ही. मुदत संपली की जाळतात."

"एकदा जाळलंय गं त्यांना."

आत जाऊन तिनं पिशवी आणली आणि माझ्या ओंजळीत ठेवली. आम्ही बाटली बाटली म्हणायचो, पण ती प्लॅस्टिकची पिशवी होती, काळपट लाल, बर्फासारखी गार. चिठ्ठीवर यांचं नाव होतं. मी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. हळूहळू तिचा गारवा जरा कमी झाला.

"द्या काकू," क्रांती हलकेच म्हणाली. "गरम झालेली चालत नाही."

मी दिली. तिनं फ्रिजचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी माहुलीला पाण्यात उभं राहून गुरुजींनी विचारलं, "सगळं आणलंय ना?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं आणि हो म्हणाले.