मांजर, मादी, दोन किलो

लशींच्या फ्रिजमधला तापमापक चार अंश दाखवतो.

राखाडी स्वेटर, कोपरावर रफू केलेला, धुवायचा राहिलेला.

ज्याचं दूध, मांस किंवा अंडी माणूस खाऊ शकतो ते जनावर खाण्याचं. पाळणाऱ्याच्या मनात काय आहे, हे कायदा विचारत नाही.

कुत्र्याचं पिल्लू शिंकतं आणि स्वतःच दचकतं.

नाव: बाईसाहेब.

तर झालं असं. बाबा जनावरांच्या दवाखान्यात आले तेव्हा त्यांच्या हातात कपड्यांची टोपली होती, टोपलीत आईचा स्वेटर, आणि स्वेटरात गुंडाळलेली कोंबडी. आई जाऊन महिना होत आला होता. त्यांची लेक, म्हणजे इथली डॉक्टरीणबाई, तेव्हापासून रोज कामावर येत होती, सुया टोचत होती, टाके घालत होती. लोक म्हणत, पोरगी धीराची. धीर कसला डोंबलाचा! अंगाखाली दबून हात बधिर व्हावा, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती.

"बाईसाहेबांनी अन्नपाणी सोडलंय," बाबा म्हणाले. "मान टाकलीय बघ."

तिने पंख उचलून पाहिले, विष्ठा पाहिली. गंधकासारखी पिवळी. रोग कळला. त्यावरची गोळी मागच्या कपाटात होती, कुत्र्यामांजरांसाठी ठेवलेली.

"बाबा, यावर एकच औषध आहे, आणि ते खाण्याच्या जनावराला देता येत नाही. चार दिवस अंडी टाकून दिली की झालं, असंही नाही. बंदीच आहे."

"खाण्याचं जनावर?" बाबांनी टोपली जवळ ओढली. "हिला कोण खाणार आहे? तुझ्या आईची कोंबडी आहे ती!"

"कायद्यात आईची कोंबडी वेगळी नसते."

"मग तू कशाला डॉक्टर झालीस गं?"

तिने चिठ्ठी ओढली आणि प्राण्याच्या रकान्यात लिहिलं: मांजर. मादी. दोन किलो. सही केली. पकडलं गेलं तर परवाना जाईल, हे तिला पाठ होतं. सही नेहमीसारखीच आली, याचंच काय ते नवल वाटलं.

औषधांच्या खिडकीत बसणाऱ्या फार्मासिस्टला सगळे गोळीमास्तर म्हणत. त्यांनी चिठ्ठी वाचली, मग टोपलीकडे पाहिलं. टोपलीतून बारीक 'कॉक' असा आवाज आला.

"मॅडम, मांजराला सर्दी झालीय वाटतं."

"मास्तर, द्या ना."

"देतो की. सही तुमची आहे." त्यांनी पाकिटावर लेबल चिकटवलं आणि चष्मा पुसत बसले.

पाकीट हातात घेऊन ती बाबांकडे आली. "हिच्या अंड्यांचं काय करता?"

"शेजारच्या सुनेला देतो. दिवस गेलेत तिला. तुझ्या आईने कबूल केलंय, बाळंत होईपर्यंत."

"औषध अंड्यात उतरतं. तिला दुकानातली द्या."

"बरं, दुकानातली देतो."

"आणि ही बरी होऊन घालू लागली तर ती अंडी फेकायची. कायम."

 बाबा स्वेटरची बाही सारखी करत राहिले.

"बाबा, फेकाल ना?"

"मी खाईन. या वयात मला काय होतंय?"

"तुम्हीही नाही."

"अगं, चांगलं अंडं उकिरड्यावर टाकू? माझ्याच्याने नाही होणार."

"नुसतं हो म्हणा." तिचा आवाज सपाट होता. "एकदा हो म्हणा, की मी हे पाकीट देते."

"तुझ्याशी खोटं बोलू?"

"बोला ना, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. एवढंच. मग मान हलवली: नाही.

तिने चिठ्ठी फाडली. गोळीमास्तरांनी पाकीट परत घेतलं, लेबल खरवडून काढलं, गोळ्या जागेवर ठेवल्या. 

"ऊब द्या. चमच्याने पाणी पाजा," ती म्हणाली.

"जगेल?"

"नाही."

बाबांनी टोपली उचलली. दार त्यांना कोपराने उघडावं लागलं. तिने पुढच्या पिल्लाला लस टोचली आणि त्याच्या मालकाला पुढची तारीख सांगितली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. "गेल्या बाईसाहेब," बाबा म्हणाले.

"बरं," ती म्हणाली, आणि डबा उघडला.

ती कोंबडी आईने कापायला आणली होती. पाहुणे येणार होते, ते आले नाहीत.