मेल्याची बातमी, जित्त्याचा आवाज

मित्रांनो, मी बातम्यांचा एक जुना माइक आहे. नांदेडच्या एका छोट्या वृत्तवाहिनीत माझी उमर गेली. डोक्यावर लाल स्पंजची टोपी, गळ्यात वाहिनीच्या नावाचा डबा, असा माझा थाट! शाळांची संमेलनं, हळदीचे भाव, कुस्त्यांचे फड, सगळीकडे मी मिरवलो. माझी वार्ताहर रूपाली मला रुमालानं पुसूनच पिशवीत ठेवायची.

एकदा मुदखेडच्या बाजारात भांडण पेटलं, चाकू निघाला. सोडवायला गेलेल्या संघपाल नावाच्या तरुणाला तो लागला. लोकांनी त्याला नांदेडच्या दवाखान्यात हलवलं आणि इकडे सगळे मोबाइल ओरडू लागले, 'भरबाजारात तरुणाचा खून!' रक्ताच्या फोटोवर त्याचं नाव, गाव, सगळं.

आमचे संपादक उद्धवसर फोनवर तापले. "रूपाली, सगळ्यांनी चालवलंय. आपणच मागं!"

"सर, डॉक्टरांना विचारल्याबिगर मेला कसं म्हणू? त्याची माय बघत असंल की."

सर म्हणाले, "बरं, पळ लवकर."

दवाखान्याच्या दारात संघपालची बहीण महामाया रडत होती आणि माझे भाऊबंद तिच्या तोंडाशी भिडले होते. मलाही पुढं घुसायची घाई झाली. पण रूपालीनं मला खाली केलं आणि तिला आधी पाणी दिलं.

महामाया म्हणाली, "ताई, भाऊ जित्ता हाय. टाके पडलेत. पण गावाकडं माय फोन उचलंना. लोक रडायला जमलेत म्हणं."

डॉक्टरांना विचारून आम्ही आत गेलो. हाताला खांद्यापर्यंत पट्टी बांधलेला संघपाल खाटेवर बसला होता. रूपालीनं विचारलं, "बोलता का दोन शब्द?" त्यानं मान डोलावली.

"माय, मी हाय! रडू नको. नुस्तं हाताला लागलंय. च्या पिऊन राहिलो बघ!"

एवढीच आमची बातमी. ती लागली आणि थोड्या वेळात महामायाला गावाकडून फोन आला. हिमायतनगरकडच्या त्या गावात रडणं आणि हसणं एकदमच चाललं होतं! उद्धवसरांनी तीच बातमी दिवसभर चालवली.

आता माझा स्पंज झिजलाय, नवे इवलेसे माइक आलेत, मी कपाटात असतो. तिथूनच तुम्हाला सांगतो, मित्रांनो, वाईट घडलं तर तेही सांगावंच लागतं. पण रक्ताचा फोटो पुढं ढकलण्याआधी थांबा. खरं काय ते विचारा. त्या माणसाचं घरही ती बातमी बघत असतं.

आणि हो, त्या बातमीच्या दुसऱ्या दिवशी संघपालची आई, सरजाबाई, दवाखान्यात आली, तेव्हा आम्हीही तिथं होतो. लेकाला कवटाळून झाल्यावर तिनं रूपालीला विचारलं, "कुठाय ते?"

रूपालीनं मला तिच्या हातात दिलं.

"ह्याच्यातूनच बोललं व्हय माझं लेकरू?" म्हणत तिनं मला उलटसुलट बघितलं, माझ्यावरून हात ओवाळले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. अख्खा वॉर्ड हसला. सगळ्यांत मोठ्यानं संघपाल.