गुरुजींच्या जागी बसलेला रेडिओ

मित्रांनो, मी एका शाळेतला जुना रेडिओ आहे. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, खाली पिळायच्या दोन खुंट्या. जुन्या वस्तू आपल्या मोठेपणाच्या गोष्टी सांगतात. मला मात्र माझी गोष्ट सांगताना लाज वाटते.

कारखान्यातून मी थेट सातवीच्या वर्गात आलो. आठवड्यातून दोनदा, अकराच्या ठोक्याला, दूरच्या केंद्रावरून शाळांसाठी पाठ लागायचा. माझा आवाज कसा, घोटून घेतल्यासारखा!

त्या वर्गाचे विज्ञानाचे गुरुजी बोलताना अडखळत. ‘प्रकाश’ म्हणायला त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागे. मी येईपर्यंत मुलांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मग मात्र कुणी त्यांची नक्कल करू लागलं, कुणी रोजच रेडिओ लावा म्हणून हट्ट धरू लागलं. तपासणीला आलेले साहेब मला थोपटून म्हणाले की, आता गुरुजींना याचा कान पिळायचंच काम उरलं. सगळे हसले. गुरुजीही हसले, आणि पाठाच्या वेळी शेवटच्या बाकावर बसू लागले. मी आपला फुशारून गेलो.

एकदा ग्रहणाचा पाठ चालला होता. सुताराची मुलगी उठून मलाच म्हणाली, “जरा थांबा ना. चंद्र एवढासा, मग तो सूर्याला झाकतो कसा?”

वर्गात खसखस पिकली. मी बोलतच राहिलो. माझ्यातून बोलणाऱ्याला ती दिसत नव्हती आणि मला थांबता येत नव्हतं. ती रडवेली होऊन खाली बसली.

तेव्हा गुरुजी उठले. त्यांनी मला बंद केलं. तिला एक डोळा मिटून दुसऱ्यापुढे अंगठा धरायला सांगितला आणि खिडकीबाहेरचं झाड दाखवलं.

“ज… जवळचं लहान असलं, तरी ल… लांबचं मोठं झा… झाकतं.”

वाक्य संपायला बराच वेळ लागला. कुणी हसलं नाही. सगळा वर्ग एक डोळा मिटून अंगठे धरून बसला होता.

“गेलं झाड,” ती हळूच म्हणाली.

तरीही वर्षाअखेर साहेबांचा कागद आला. गुरुजींना शाळेच्या कचेरीत कारकुनीला बसवलं आणि विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. मधल्या सुट्टीत ती मुलगी वही घेऊन कचेरीकडे जाताना दिसे. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

पुढे दूरदर्शन संच आला. माझी रवानगी कचेरीतल्या कपाटावर झाली. शाळा मला विसरली. गुरुजी मात्र दर शनिवारी खुर्चीवर चढून, स्वतःच्या रुमालाने मला पुसत. ज्यांची जागा मी घेतली, त्यांनीच माझ्यावरची धूळ झटकावी! कसं तोंड दाखवू मी त्यांना?

मित्रांनो, वस्तू जपा, वेळेवर दुरुस्त करा. पण त्याआधी, कुणी अडखळत बोलत असेल, तर त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्या. माझा आवाज फार चांगला होता. पण इतक्या वर्षांत मी एकाही मुलासाठी थांबलो नाही.