उधई की मुंगळे

इंद्रकुमार स्टुलावर चढला आणि पेचकसाच्या मुठीने त्याने तुळई ठोकून पाहिली. भरीव आवाज आला. खाली त्याचे वडील, उदारामजी, मान वर करून उभे होते. वाळवी लागून तुळई पोकळ वाजावी असे त्यांना मनापासून वाटत होते, आणि स्वतःच्याच घराबद्दल असे वाटते याची लाजही वाटत होती.

"फोनवर तर सांगून राहिले होते, पुरं घर उधईनं खाल्लं म्हणून."

"खाऊनच राहिली ना! पंख पाहा, किती पडले."

आईच्या तेरवीला इंद्रकुमारने 'आमच्याकडे गोंदियाला चला' म्हटले, तेव्हा साऱ्या सग्यासोयऱ्यांसमोर उदारामजींनी ताट सारून सांगितले होते, हे घर सोडून मी कुठे जाणार नाही. चिचगड गावात अजून त्या बाण्याचे कौतुक होई. आता एकट्यापुरते तांदूळ धुताना हात थांबतो, हे कोणाला सांगायची सोय उरली नव्हती. घरच राहण्याजोगे नसेल, तर मात्र शब्द मोडल्यासारखे होणार नव्हते.

इंद्रकुमारने खाली उतरून उंबऱ्यावरचा एक पंखवाला किडा तळहातावर घेतला.

"उधईचे चारी पंख सारखे राहतात. याचे पुढचे मोठे, मागचे लहान. आन कंबर पाहा किती बारीक! उधईले अशी कंबर राहतच नाही. मुंगळे होत, बाबूजी. घराले काहीच झालं नाही."

"बरं झालं," उदारामजी म्हणाले. चष्मा काढून ते धोतराच्या टोकाने पुसू लागले. पुसतच राहिले.

सून चेतना चुलीजवळ उभी होती. तिने गंजावरचे झाकण उचलले. कालचा भात तसाच होता. झाकण ठेवून ती आली, नवऱ्याच्या हातावरचा किडा तिने फुंकरीने उडवला.

"उधईच होय."

"अवं, कंबर पाहिली ना आता!"

"तुम्ही कंबरच पाहत बसा. औषध मारावं लागन. त्या वासात बाबूजी कसे राहतीन? बाबूजी, कपडे भरा."

इंद्रकुमारने वडिलांकडे पाहिले, आणि स्टूल उचलून आत नेले.

"किती दिवस लागन?" उदारामजींनी हळूच विचारले.

"उधईचं का सांगता येते, जी?"

निघताना शेजारच्या दुलीचंदने हटकले, "काऊन उदारामजी, शेवटी चालले का?"

"घराले उधई लागली ना!" उदारामजी गल्लीभर ऐकू जाईल असे बोलले.

तो वळल्यावर ते पुन्हा आत गेले. मूठभर कणीक आणून मुंगळ्यांच्या वाटेवर टाकली, आणि मग कुलूप लावले.