खिडकीजवळची शहाणी मुलगी

मुलं मला खडूस सिस्टर म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण लहान मुलांचं पाठीमागे म्हणजे दोन हातांवर, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. म्हणू देत. सव्वीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढली, एवढ्याने काही माझ्या अंगाला भोकं पडत नाहीत.

माझ्या वॉर्डात रडायला बंदी नाही. कुणी आई-बाप मुलाला "गप्प बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल" म्हणाले, की मी त्यांनाच दाराबाहेर काढते. तान्ह्याला तपासायचं ते आईच्या मांडीवर. दोन वर्षांच्याला "औषध घेतोस का?" विचारलंत तर तो नाहीच म्हणणार, त्याला "लाल कपातून की निळ्या?" असं विचारायचं. आठ-नऊच्याला सुई आधी दाखवायची आणि दुखेल हे सरळ सांगायचं, कारण तो थाप लगेच पकडतो. चौदाचा आला की आधी पडदा ओढायचा, मग तोंड उघडायचं. आणि तीन ते सहाच्या मुलांशी बोलताना जीभ सांभाळायची. ती तुमचा शब्द न् शब्द खरा धरतात.

हे शेवटचं मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही. एका मुलीने शिकवलं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती आली, पाच वर्षांची. बसच्या अपघातातून मायलेकींना एकत्रच आणलं होतं. आई दाखल होण्याआधीच गेली होती आणि ते मला माहीत होतं. मुलीच्या पोटाला मुका मार होता, लक्ष ठेवा म्हणून सांगितलं होतं. ती "आई, आई" करून टाहो फोडत होती. तिचं ऐकून उरलेली तेरा पोरं भोकाड पसरून बसलेली, आणि वॉर्डात मी एकटी. डोकं उठलं होतं माझं. मी म्हणाले, "हे बघ, शहाण्यासारखी राहिलीस, रडली नाहीस, तर आई येईल."

ती तिथल्या तिथे थांबली. हुंदका अर्धाच गिळला तिने.

आमच्याकडे चेहऱ्यांचा तक्ता असतो. लहान मुलांना दुखणं सांगता येत नाही, म्हणून सहा चेहरे काढलेले, पहिला हसरा, शेवटचा धाय मोकलून रडणारा. तुला किती दुखतंय ते दाखव, म्हणायचं. दोन दिवस ती हसऱ्यावर बोट ठेवत राहिली. मी कागदावर लिहिलं, 'मूल शांत आहे.' दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला विचारलं, "मी शहाणी आहे ना?" मी म्हणाले, "खूप शहाणी." तासाभरात ती गेली. पोटात रक्त साचत होतं आणि ती बया खिडकीजवळच्या खाटेवर दात-ओठ आवळून आईची वाट बघत होती.

मला कुणी काही विचारलं नाही. मीही कुणाला सांगितलं नाही.

वर्षभराने त्याच खाटेवर हात भाजलेला चार वर्षांचा मुलगा होता. पट्टी सोडवताना मोठी माणसं ओरडतात, आणि हा हसत होता. "ताई म्हणाली, रडलं नाही की आई येते." कोण ताई? त्याने खिडकीखालच्या स्टुलाकडे बोट केलं. स्टुलावर कुणी नव्हतं. पुढे अजून दोघांनी तेच सांगितलं. तान्ही कधीच सांगत नाहीत, मोठी तर नाहीच नाही. तिचं बोलणं फक्त तिच्या वयाच्यांना पटतं.

पुढे मी हेड सिस्टर झाले आणि तीन ते सहाचं मूल त्या खाटेवर ठेवायचं नाही असा नियम केला. का, ते सांगितलं नाही. खडूसपणा म्हणून खपून गेला.

गेल्या आठवड्यात सोमवार-मंगळवार मी रजेवर होते. बुधवारी येऊन बघते तर त्या खाटेवर साडेचार वर्षांचा मुलगा. अपेंडिक्स फुटलेलं, दोन दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेलं. आई दुसऱ्या दवाखान्यात बाळंतीण, बाप इथे खुर्चीवर. बाप कौतुकाने म्हणाला, "एकदाही रडला नाही हो, वाघ आहे आमचा."

ऑपरेशन झालेलं साडेचार वर्षांचं मूल रडत नाही? मी बापाला बाजूला सारून खाटेशी गेले.

गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. नाडी एकशे पन्नासच्या वर, कपाळ तापलेलं. मी तक्ता धरला, त्याने हसऱ्यावर बोट ठेवलं. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पोट दाबलं, "दुखतं का रे?" तो हसून म्हणाला, "नाही." डॉक्टर म्हणाले, "ताप आहे थोडा. चारला सोनोग्राफीवाले येतील, तेव्हा बघू."

"चारपर्यंत थांबू नका, डॉक्टर. पोर लपवतंय."

"सिस्टर, साडेचार वर्षांचं मूल कशाला लपवेल?"

ते दुसऱ्या खाटेकडे वळले. घड्याळात पावणेएक झाला होता. ती मुलगीही दुपारीच गेली होती.

मी मुलाच्या कानाशी वाकले. "ताई इथे आहे का रे?"

त्याने स्टुलाकडे बघितलं आणि मान डोलावली.

बाप बघत होता, डॉक्टर दोन खाटांपलीकडे उभे होते. म्हटलं, बघू देत, वेडी म्हणू देत. मी स्टुलासमोर फरशीवर गुडघे टेकले. अठरा वर्षं मी त्या स्टुलाकडे पाठ करून चालत होते.

"बाळा," मी म्हणाले, "मी खोटं बोलले. तुझी आई येणारच नव्हती. तू आलीस त्याच्या आधीच ती गेली होती, आणि मला ते माहीत होतं. तू रडलीस म्हणून ती यायची राहिली नाही, आणि न रडता राहिलीस म्हणून येणारही नव्हती. तुझं काही चुकलं नाही. चुकलं ते माझं."

बाप खुर्चीतून उठून उभा राहिला.

मग मुलगा हळूच म्हणाला, "ती विचारते, मग रडू का?"

"रड ग माझी बाय. हवं तेवढं रड. तूही रड रे राजा. तुझी आई रडलास तरी येणार आहे."

त्याचा ओठ थरथरला. आणि मग त्याने असा काही टाहो फोडला की डॉक्टर पळत आले. तक्ता धरावाही लागला नाही, त्याने स्वतःच ओढून घेतला आणि शेवटच्या चेहऱ्यावर मूठ आपटली. डॉक्टरांनी पोटाला हात लावला तेव्हा तो किंचाळला. दहा मिनिटांत त्याला ऑपरेशनला नेलं. आत पू भरला होता. संध्याकाळपर्यंत थांबलो असतो तर हाती लागला नसता, असं डॉक्टरांनीच मला नंतर सांगितलं. आता तो बरा आहे, आणि माझ्या नावाने ठणाणा करतो.

पण मला सांगायचंय ते त्याच दुपारचं. स्ट्रेचर गेलं, मागोमाग बाप गेला, दार मिटलं. खाट रिकामी होती आणि रडणं थांबलं नव्हतं.

शेजारच्या वॉर्डातली सिस्टर दारातून डोकावली. "कोण एवढं रडतंय? गप्प करा की त्याला!"

"रडू दे," मी म्हणाले, आणि स्टुलाजवळ फरशीवर बसून राहिले.