नळीमागचा पांढरा रुमाल

हृदय शिवताना त्याचं आणि फुप्फुसांचं काम करणाऱ्या हल्लीच्या यंत्रात केसाएवढ्या बारीक पोकळ तंतूंचा जुडगा असतो. प्राणवायू तंतूंच्या आतून जातो, रक्त बाहेरून, आणि दोघांची थेट गाठ पडत नाही. आमच्या वेळी पडायची. एक उभं भांडं असे. त्यात खालून प्राणवायूचे बुडबुडे सोडायचे, की रक्त फेसाळत वर चढे, लाल होई आणि फेस मोडून परत अंगात जाई. बुडबुडे कमी पडले तर रक्त काळपट राही. जास्त झाले तर तांबड्या पेशी घुसळून फुटत आणि त्यांचा रंग मूत्रपिंडात जाऊन बसे. आदल्या वर्षी एक मास्तर तसेच गेले होते. हृदय छान शिवलं गेलं, आणि चौथ्या दिवशी माणूस गेला.

ते यंत्र मी चालवत असे. त्या सकाळी टेबलावर माझी धाकटी जाऊ होती.

तिला मास्तरांचं काही माहीत नव्हतं. माझ्या हातून दूध उतू जातं, एवढंच माहीत होतं.

"जाऊबाई, पातेल्याकडे लक्ष ठेवा हं," ट्रॉलीवरून ती म्हणाली. "पेपर वाचत बसू नका."

"गप पड. तुझं रक्त म्हणजे काय दूध आहे?"

"दूध दुसरं आणता येतं."

दाराशी माझे दीर उभे होते. ते माझ्या हातांकडे बघत राहिले.

रक्तातला वायू मोजायची सोय दोन मजले खाली होती आणि निकालाला अर्धा तास लागे. तोवर भरवसा डोळ्यांवर. म्हणून अंगात परतणाऱ्या नळीमागे मी पांढरा रुमाल बांधायची आणि त्यावर रंग पारखायची. इतक्या वर्षांत कधी चुकले नव्हते. त्या दिवशी तिची छाती उघडली, मी तिच्याकडेच बघत राहिले आणि रुमाल खिशातच राहिला. नळीमागे हिरवी चादर होती.

थोड्या वेळाने रक्त मला काळपट दिसायला लागलं. मी वायू वाढवला. तरी काळपटच. पुन्हा वाढवला. भांड्यात फेस चढत होता आणि मला वाटत होतं, हिला श्वास पुरत नाहीये.

अर्ध्या तासाचा नमुना काढून मी छोट्या यंत्रात गरगर फिरवला. पेशी तळाला बसल्या की वरचं पाणी पेंढ्याच्या रंगाचं हवं. ते गुलाबी होतं.

घाम पुसायला खिशात हात घातला तर रुमाल हाताला लागला. तो नळीमागे धरला. रक्त लालभडक होतं. ते काळपट झालंच नव्हतं, हिरव्या चादरीपुढे तसं दिसत होतं.

मी वायू उतरवला.

"डॉक्टर, वर गुलाबी आलंय. मी वायू जास्त सोडला."

त्यांची सुई थांबली. "किती वेळ?"

"वीस-पंचवीस मिनिटं."

"मला अजून चाळीस लागतील."

"पंचविसांत बसवा," मी म्हणाले. त्यांच्याशी असं मी कधी बोलले नव्हते. ते पुन्हा शिवू लागले. तिसाव्या मिनिटाला यंत्र थांबलं.

दुपारी तिच्या लघवीची पिशवी बिटाच्या पाण्यासारखी झाली होती.

"वहिनी, असाच रंग असतो का?" दिरांनी विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. "नाही, भाऊजी. माझ्या हातून झालंय."

ते स्टुलावर बसले. बराच वेळ माझ्याकडे बघितलं नाही. मी पिशवीमागे रुमाल धरून रंग बघत होते. सलाइनवर सलाइन चढत होतं. चार वाजले तरी फरक नव्हता, आणि मला सारखे मास्तर दिसत होते. माझा हात भरून आला तेव्हा दिरांनी रुमालाचं एक टोक धरलं.

"काय बघायचं ते सांगा," ते म्हणाले.

दिवे लागायच्या सुमारास नळीतून येणारा थेंब कोऱ्या चहासारखा दिसला. मग आणखी फिका. आम्ही दोघं एकमेकांना विचारत होतो, खरंच फिका आहे ना?

दुसऱ्या दिवशी तिच्या घशातली नळी काढली. आवाज पार बसला होता. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दूध गेलं का उतू?"

"गेलं थोडं."

"लक्ष कुठे होतं तुमचं?"

"तुझ्याकडे," मी म्हणाले.